पंचनाम्यात अळ्या गोळा करायची सक्ती करावी का?

मुळशीकर
मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर यावरून वाद झाला, दोघांनी ग्रुप सोडला, म्हणून आता इथे टाकतोय. माझं म्हणणं एवढंच की प्रेत दोन दिवसांपेक्षा जुनं दिसत असेल तर पंचनाम्याच्या वेळीच त्यावरच्या अळ्या गोळा करणं आणि त्या जागेचं तापमान लिहिणं सक्तीचं करा. दोन-तीन दिवस उलटले की अंगाचं तापमान नाही, ताठरपणा नाही, डॉक्टर मृत्यूची वेळ म्हणून जे लिहितो ते अंदाजपंचे. माशीचं तसं नसतं. दिवसा उघड्यावर पडलेलं असेल तर हिरवी-निळी माशी थोड्या वेळात हजर होते, डोळ्याच्या कडा, नाकपुड्या, जखम अशी ओलसर जागा बघून अंडी घालते, आपल्या हवेत ती दिवसभरात फुटतात, अळी दोनदा कात टाकते, पोट भरलं की प्रेत सोडून मातीत जाते आणि कोष करते. कोणत्या तापमानाला कोणता टप्पा किती तासांत येतो हे माहीत असलं की उलटं मोजायचं.

आणि हे फॅड नाहीये. १२४७ साली चीनमधल्या सुंग त्सु नावाच्या न्यायाधिकाऱ्याने लिहून ठेवलंय, विळ्याने खून झाला तेव्हा गावातल्या सगळ्यांचे विळे जमिनीवर ठेवले, रक्ताच्या वासाने माश्या एकाच विळ्यावर बसल्या, मालक कबूल झाला.

मुंबईशी नातं असलेली केस पण आहे. इथे शिकलेला पारशी डॉक्टर बख्तियार हकीम इंग्लंडात लँकेस्टरला जाऊन बक रक्स्टन झाला. १९३५ च्या सप्टेंबरात बायको इझाबेला आणि मुलांना सांभाळणारी मेरी रॉजरसन दोघी गायब, २९ तारखेला स्कॉटलंडात मॉफटजवळच्या ओढ्यात तुकडे सापडले. ग्लासगोच्या डॉ. मर्न्सनी अळ्या बघून १२ ते १४ दिवस सांगितले. दोघी १४ तारखेनंतर कुणाला दिसल्या नव्हत्या. आता बोला.

काळाकोट
बोलते. रक्स्टनला अळ्यांनी फासावर चढवलं नाही हो. तुकडे गुंडाळलेल्या पेपरांत संडे ग्राफिकचा १५ सप्टेंबरचा अंक होता आणि ती आवृत्ती लँकेस्टर-मोरकॅम्ब भागापुरतीच निघालेली होती. शिवाय तुकड्यांतल्या बोटांचे ठसे घरातल्या मेरीच्या ठशांशी जुळले, इझाबेलाचा फोटो कवटीच्या फोटोवर बसवून बघितला. त्या पानात अळ्या म्हणजे लोणचं, तोंडी लावायला.

आता माझी केस घ्या. सॅन डिएगो, २००२. सात वर्षांची मुलगी १ फेब्रुवारीच्या रात्री घरातून नाहीशी, २७ ला प्रेत मिळालं, शेजाऱ्यावर खटला. बचावाचे कीटकतज्ज्ञ म्हणाले माश्या फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास आल्या, आणि तेव्हा हा माणूस कधीचा पोलिसांच्या पाळतीवर होता! मग सरकारी पक्षाने स्वतःचा तज्ज्ञ आणला, त्याने तारीख आणखी आधीची सांगितली. अळ्या त्याच, हवामान तेच. ज्युरीने शेजाऱ्याला दोषी धरलं, रक्त आणि बोटांचे ठसे होतेच. अळ्यांवरून मात्र शेवटपर्यंत भांडण.

अळीच्या वयावरून माशी कधी बसली ते कळतं. माणूस कधी गेला ते नाही. बंद खोली, घोंगडीत गुंडाळलेलं, रात्रीची वेळ, आषाढातली संततधार, माशी फिरकतच नाही. आपल्याकडे तज्ज्ञ म्हणजे मत, पूर्वी कलम ४५ होतं आता साक्ष अधिनियमाचं ३९, आणि उलटतपासणीत मी पहिलाच प्रश्न विचारीन, साहेब तापमान कुठलं धरलं? प्रेताजवळचं की वेधशाळेचं?

हर्णैची_पोर
जेवताना उघडलं, चूक माझी. पण अंडी मी रोज बघितलीयेत, आमच्याकडे मासळी वाळत घालतात ना, मीठ कमी पडलं की कल्ल्यांमध्ये जाडा रवा सांडल्यासारखी दिसतात, सकाळी रवा आणि दुसऱ्या दिवशी वळवळ. आई बोटाने काढून टाकायची आणि मासळी परत मिठात. तुमचं चालू द्या.

डॉ_निवृत्त
मुळशीकर, सक्ती नक्की कोणावर करताय ते आधी सांगा. मी विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी बावीस वर्षं पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, केली. उन्हाळ्यातलं विहिरीतलं किंवा नाल्यातलं प्रेत यायचं, मी ओपीडी संपवून पोचेपर्यंत आमच्या मामांनी, म्हणजे शवागारातले अटेंडंट, पाइप लावून ते स्वच्छ धुतलेलं असायचं आणि वरून फिनाईल, कारण वास आणि कारण बाहेर नातेवाईक, आणि मामांची त्यात काही चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की जे मोरीत वाहून गेलं तो पुरावा होता, मला तरी कुठे माहीत होतं, एमबीबीएसला न्यायवैद्यकात अळ्यांवर अर्धं पान असेल. मग फॉर्मवर मृत्यूनंतरचा अवधी या रकान्यात मी २४ ते ७२ तास लिहायचो. सगळेच लिहायचे.

नंतर एका ट्रेनिंगला शिकलो. सगळ्यात मोठ्या अळ्या शोधायच्या, नुसत्या प्रेतावरच्या नाही, खालच्या मातीतल्या आणि कपड्यांच्या घडीतल्या पण, कारण कोषात जायला निघालेली सर्वांत जुनी असते. त्यातल्या निम्म्या गरम पाण्यात मारायच्या, उकळत्या नाही, मग अल्कोहोलमध्ये. जिवंत तशाच अल्कोहोलमध्ये टाकल्या तर आकसतात, काळ्या पडतात आणि वय कमी निघतं. उरलेल्या जिवंत ठेवायच्या, कलेजीच्या तुकड्यावर, झाकणाला भोकं पाडून, माशी निघेपर्यंत, कारण अळीवरून जात ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. भिंगाखाली अळीचं मागचं टोक बघा, श्वास घ्यायच्या दोन चकत्या दिसतात, तिसऱ्या टप्प्यात प्रत्येक चकतीवर तीन चिरा, दुसऱ्यात दोन. बघायला लागलं की सुंदर असतं, बायको हसायची.

पण पुढे अडचणी. हजारो अळ्या एका जागी आल्या की स्वतःची उष्णता करतात, बाहेर ३० असेल तर गोळ्यात ४० च्या वर, त्या तिथे भराभर वाढतात. आपल्याकडे एक केसाळ अळी आहे, क्रायसोमाया रुफिफेसिस, ती दुसऱ्या माश्यांच्या अळ्या खाते, म्हणजे आधी आलेल्यांचा पुरावाच गायब. त्यात मेलेल्याने काय घेतलं होतं तेही बघावं लागतं, शरीरात कोकेन असलं तर अळ्या लवकर वाढतात, मॅलॅथिऑनसारखं कीटकनाशक असलं तर माश्या उशिरा बसतात, आणि आमच्याकडची निम्मी प्रेतं कीटकनाशकाचीच. ते औषध अळीच्या पोटातही मिळतं हा फायदा, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, कुजला असेल तर तोच आधार. पण तपासणार कोण?

मुळशीकर
डॉक्टरसाहेब, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत १७६(३) आहे ना, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाला जागेवर जायलाच हवा. तो येणारच आहे तर सोबत एक बाटली, एक थर्मामीटर. किती खर्च?

काळाकोट
तेवढं एक कलम वाचून थांबू नका. एक तर राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. दुसरं, नाल्यातलं प्रेत आधी एडीआर म्हणून नोंदतात, आकस्मिक मृत्यू, कलम १९४. गुन्हाच दाखल नाही तर सात वर्षं कशाची? फॉरेन्सिकची व्हॅन येत नाही, हवालदार आणि दोन पंच येतात, पंच नाकाला रुमाल लावून दुरूनच सही करतात. खून आहे हे कळतं तोपर्यंत अंत्यविधी होऊन गेलेला असतो.

न्यूजर्सीकर_अण्णा
काळाकोटताई, सॅन डिएगो सांगितलंत, आता लास व्हेगास ऐका. जुलै २००१, रात्री दहाच्या सुमारास कचऱ्याच्या डब्यामागे एका माणसाचं प्रेत मिळालं. अठरा वर्षांच्या लोबाटो नावाच्या मुलीला दोषी धरलं, २००२ मध्ये एकदा आणि २००६ मध्ये परत. ती त्या दिवशी अडीचशे किलोमीटरपेक्षा लांब आपल्या गावी होती, पण सरकारी पक्ष म्हणे खून पहाटे करून गेली. प्रेतावर माशीचं एक अंडं नव्हतं! जुलैतल्या व्हेगासला दिवसभर उघड्यावर पडून? कीटकतज्ज्ञांनी सांगितलं मृत्यू संध्याकाळी उशिरा. तिच्या वकिलाने असा तज्ज्ञ आणलाच नव्हता या मुद्द्यावर २०१७ मध्ये शिक्षा रद्द झाली, २०१८ च्या जानेवारीत सुटली. वकिलाने!

काळाकोट
टोमणा पोचला अण्णा. पण यात वय मोजलंय कुठे? अंडी नाहीत एवढंच सांगितलंय, त्याला ना तक्ता लागतो ना कलेजी. चेहऱ्याचा जवळून काढलेला फोटो आणि वेळ पुरते. एवढ्याची सक्ती करा, माझी हरकत नाही. बाटलीतल्या अळ्यांवर मात्र मी भांडणारच.

मुळशीकर
म्हणजे अर्धं मान्य.

काळाकोट
पाव.

डॉ_निवृत्त
फोटो चालेल. मामांचा पाइप चालू व्हायच्या आधी काढा म्हणजे झालं.

हर्णैची_पोर
मामा आहेत का अजून तिथे?

डॉ_निवृत्त
रिटायर झाले. मुलगा लागलाय त्याच जागेवर. पाइप नवीन आहे, प्रेशर जास्त.