सीबा खोटा की मफीबोशेथ?

प्रश्न (खानापूर)
रविवारी चर्चमधल्या पोरांना बायबलातलं २ शमुवेल हे पुस्तक शिकवतो. मुलगा अबशालोम याच्या बंडामुळं राजा दावीद यरुशलेम सोडून निघालाय, तेवढ्यात सीबा गाढवं लादून हजर! २०० भाकरी, मनुकांचे १०० घड, द्राक्षारसाचा बुधला. म्हणतो, माझा धनी मफीबोशेथ (आधीचा राजा शौल याचा नातू) राज्याच्या आशेनं शहरातच बसलाय. दावीद उभ्या उभ्या त्याची सगळी मिळकत सीबाला देतो. पुढं १९व्या अध्यायात, बंड मोडून दावीद परतल्यावर, मफीबोशेथ म्हणतो, मी लंगडा, चाकरानंच फसवलं. "सर, खोटं कोण बोललं?" एका पोरीनं विचारलं. मी गप्पच.

उत्तर (निपाणी)
मफीबोशेथाची दाढी बघा की! राजा गेल्यापासून त्यानं ना पायांची निगा राखली, ना दाढी नीट केली, ना कपडे धुतले. असं सोंग एका रात्रीत येत नाही. आमचे आजोबा दवाखान्यात होते तेव्हा तंबाखूच्या शेताच्या उताऱ्यावर चुलत्याचं नाव चढलं. त्यांना विचारलं कुणी? तसंच हे.

उत्तर (बेळगाव, शहापूर)
एवढी घाई नको. पळणाऱ्या राजाला शिदोरी नेणं म्हणजे मान पुढं करणं. अबशालोम जिंकला असता तर? आणि दावीदाचा मित्र हूशय अबशालोमाला तोंडावर फसवतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो.

प्रश्नकर्ता
हूशयाला दावीदानंच पाठवलेलं, सीबाला कुणी? पण शेवटी दावीद जमीन निम्मी-निम्मी करतो, म्हणजे त्यालाही कळलं नसावं. मफीबोशेथ म्हणतो, सगळीच घेऊ दे त्याला, राजा सुखरूप आला ना. पोरीला हेच वाक्य वाचायला देतो.