दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल तर

'बाळंतपणानंतर रडू येतंच, आपोआप जातं,' असं कुणी ना कुणी म्हणतंच. ते अर्धंच खरं आहे. पहिल्या दिवसांतला हळवेपणा बहुधा २ आठवड्यांत ओसरतो. त्यापुढे टिकला तर प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. माझ्या बहिणीचं हेच झालं. बाळ झोपलेलं असायचं आणि ही एकच दुपटं घडी घालून पुन्हा उलगडत बसायची. सगळे बाळाभोवती, तिला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही, त्याचं अजून वाईट वाटतं. हे नैराश्य ओळखायला १९८७ साली प्रसिद्ध झालेली एडिनबरा प्रश्नावली आहे, गेल्या ७ दिवसांबद्दल फक्त १० प्रश्न. ती डॉक्टरांकडे भरून घ्या. जीव नकोसा झालाय असं बाळंतीण म्हणाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.