लहान चणीचा पोरगा आणि डॅनियल मेंडोझा

प्रश्न:
दारव्ह्याजवळच्या गावात मी पोरांना बॉक्सिंग शिकवतो. एक सातवीतला पोरगा चणीनं लहान, पण पाय फार हलके. समोरचा धावून आला की बाजूला होतो आणि मग ठोसा मारतो. पाहणारे ओरडतात, "पळून काहून राह्यला बे!" तो रडवेला होतो. हातमोज्यांशिवाय लढायच्या काळातला मेंडोझा असाच लढायचा म्हणतात. त्याच्याबद्दल कोणी नीट सांगेल का?

अचलपूरचा जुना पहिलवान:
भाऊ, सांग त्याले. मेंडोझा १७६४ चा, लंडनचा ज्यू पोरगा. उंची पाच फूट सात इंच, वजन बहात्तर किलोच्या आसपास. तवा वजनगट नव्हते, समोर कोणीबी येऊ शके. बाकीचे एका जागी उभे राहून ठोसे झेलत, हा मात्र सरके, हातावर वार अडवे आणि उघडी जागा दिसली का मारे. त्यालेही लोक भित्रा म्हणत.

रिचर्ड हम्फ्रीजसंग त्याच्या तीन मोठ्या लढती झाल्या. १७८८ मध्ये ओडिहॅमले हरला. मग १७८९ मध्ये स्टिल्टनले आणि १७९० मध्ये डॉन्कास्टरले हम्फ्रीजलेच हरवलं. आपल्याले समजन अशी गोष्ट म्हणजे कंबरेच्या वर धरून पाडाले तवा मुभा होती. माणूस पडला का फेरी संपे, आणि अर्ध्या मिनिटात उठून मधल्या रेघेवर उभं राहा लागे. कुस्ती येत नसन तर तिथं टिकणं कठीण. मले तर त्याचे पाय पाहाले भेटले असते तर लय आवडलं असतं.

वर्ध्याची शिक्षिका:
१७९५ ची लढतही आहे ना? जॉन जॅक्सननं एका हातानं त्याचे लांब केस धरले आणि दुसऱ्यानं मारत सुटला. दहा-अकरा मिनिटांत मेंडोझा हरला. एवढ्या लहान मुलाला हे सांगू नये असं मला वाटतं.

अचलपूरचा जुना पहिलवान:
नाई ताई, सांगाच. जॅक्सन त्याच्यापेक्षा चार इंच उंच होता, तरी त्याले केस धरा लागले! जॅक ब्रॉटन नावाच्या जुन्या बॉक्सरनं १७४३ मध्ये केलेल्या नियमात पडलेल्याले मारू नये, कंबरेखाली धरू नये असं होतं. केसांचं काहीच नव्हतं.

प्रश्नकर्ता:
दोन्ही सांगतो. उद्यापासून त्याला ताकदीच्या पोरासोबत फक्त बचावच करायला लावतो, ठोसा मारायचाच नाही. पाहणाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवतो की आज हेच शिकतो आहोत.