मदत हवी आहे: धरणाचा विसर्ग वाढला की स्टीलहेड मासा कुठे सरकतो? (अमेरिकन नदी, सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,

मी फॉल्समला राहते. निंबस धरणाच्या खाली अमेरिकन नदी सॅक्रामेंटो नदीला मिळेपर्यंत जेमतेम २३ मैल वाहते. त्या पट्ट्यात मी तीन हिवाळे स्टीलहेडच्या मागे आहे. फ्लाय (पिसं-धाग्यांनी बांधलेलं हलकं आमिष) टाकायला इथेच शिकले, मे-जूनमध्ये शॅड नावाचे मासे भरपूर मिळतात त्यांच्यावर. स्टीलहेड मात्र आजवर एकदाच लागला आणि लागल्या लागल्या सुटला.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन, वाढून, अंडी घालायला नदीत परतलेला रेनबो ट्राउट. इथला सॅमन अंडी घातल्यावर मरतो. स्टीलहेड जगला तर पुन्हा समुद्रात जातो. १९५० च्या दशकात फॉल्सम आणि निंबस ही धरणं झाली आणि दोन्ही माशांचा नदीत वर जायचा रस्ता बंद झाला. म्हणून निंबसच्या पायथ्याशी हॅचरी (मत्स्यबीज केंद्र) आहे.

आता अडचण. जानेवारीच्या सुरुवातीला आठवडाभर विसर्ग २,००० क्युसेकच्या आसपास होता. सेलर बार (निंबसखालचा गोट्यांचा काठ) आहे, त्याच्या खाली मला एक जागा सापडली होती, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की समोर संथ, एकसारखा प्रवाह. मग वादळाचा अंदाज आला, फॉल्सम जलाशयात पुरासाठी जागा करायला पाणी सोडलं आणि विसर्ग ३,५०० वर गेला. म्हणजे सेकंदाला साधारण एक लाख लिटर. माझी जागाच नाहीशी झाली. जिथे उभी राहायचे तिथे पाय टिकेना, आणि लांबवर टाकलेला फ्लाय सर्रकन काठाला यायला लागला.

त्याच सकाळी एक चूकही झाली. मी गोट्यांच्या बेटावर गेले तेव्हा मधला ओहोळ घोट्याएवढा होता, तासाभराने परतताना मांडीपर्यंत. वेडरचा (पाण्यात उभं राहायच्या छातीपर्यंतच्या पँटचा) कमरेचा पट्टा घट्ट होता आणि हातात काठी होती म्हणून निभावलं. विसर्गाचे आकडे घरून निघताना बघायला हवे होते, ते मी बघितले नव्हते.

मी कराडची. पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग सुटल्याची बातमी आली की आजोबा प्रीतिसंगमाच्या घाटावर जाऊन किती पायऱ्या बुडाल्या ते मोजून यायचे. इथे घाट नाही, पायऱ्या नाहीत. पाणी चढतंय हे पाण्यात उभं असताना ओळखायचं कसं? विसर्ग वाढला की मासा कुठे जातो? आणि फ्लाय प्रवाहात आडवा फिरवायचं सोडून इंडिकेटरखाली (तरंगत्या खुणेखाली) निंफ (पाणकिड्याच्या अळीसारखा छोटा फ्लाय) लावू का? माझ्याकडे ११ फुटी, सात वेटचा (लाइनच्या वजनाचा क्रमांक) स्विच रॉड (एका किंवा दोन्ही हातांनी चालवायचा), स्कॅजिट हेड (लाइनचा आखूड, जड पुढचा भाग) आणि १० फुटांचा सिंक टिप (लाइनचं बुडणारं टोक) आहे.

प्रतिसाद १

ताई, मी रँचो कॉर्डोव्हाला असतो, याच नदीवर सनराइज नावाच्या भागात बरीच वर्षं मासेमारी करतोय. आधी पाण्याचं. काठावर पोचलात की पाण्याच्या अगदी कडेला एक काटकी उभी खोचा. दर दहा मिनिटांनी वळून बघा. काटकी पाण्यात गेली की बेट सोडायचं, एक कास्टही जास्त नाही. तुमच्या आजोबांच्या पायऱ्या त्याच.

आता मासा. विसर्ग वाढला की तो मधल्या जोराच्या पाण्यात थांबत नाही, काठाकडे सरकतो. २,००० ला तुम्ही जिथे उभ्या होतात, ३,५०० ला मासा नेमका तिथे असतो. म्हणजे कमरेपर्यंत आत जाऊन तुम्ही त्यालाच उठवताय. सुरुवात कोरड्या पायांनी करा. पहिला कास्ट पंधरा-वीस फुटांचा, मग दोन-दोन फूट लाइन वाढवत न्या. पाणी जोराचं असेल तर फ्लाय आडवा न टाकता जास्त खालच्या दिशेने टाका आणि लाइन लगेच प्रवाहाच्या वरच्या दिशेला पलटवा. माणूस रमतगमत चालतो तेवढ्या वेगाने फ्लाय फिरला पाहिजे. फिरणं संपलं की उचलू नका, काठालगत लोंबू द्या, मनात पाचपर्यंत मोजा. माझे निम्म्याहून जास्त मासे तिथे लागलेत.

इंडिकेटरने लागणाऱ्या माशांचा आकडा वाढेल, खोटं सांगत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंडी घालणाऱ्या सॅमनच्या मागे स्टीलहेड वाहून आलेली अंडी खात असतो, तेव्हा अंड्यासारखा दिसणारा फ्लाय चांगला चालतो. पण तुमचा रॉड आणि लाइन फ्लाय आडवा फिरवण्यासाठीच आहे. तेच नीट शिका.

एक विचारतो. तो सुटलेला मासा लागला तेव्हा तुम्ही रॉड उचललात का?

धागाकर्ती

हो दादा. झटका बसला आणि हात आपोआप वर गेला.

प्रतिसाद १

तिथेच गेला तो. झटका बसला की काहीच करायचं नाही. मासा फ्लाय घेऊन वळतो, लाइन आपोआप ताणली जाते, गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. वजन पूर्ण जाणवलं की रॉड काठाच्या बाजूला आडवा न्यायचा, वर नाही.

प्रतिसाद २

थोडं वेगळं, पण कळकळीने लिहितेय. जानेवारी ते मार्च उथळ पाण्यात चालताना खाली बघा. शेवाळलेल्या काळपट गोट्यांमध्ये लांबट, फिकट, धुतल्यासारखा पट्टा दिसला तर ते माशाचं घरटं. वरच्या टोकाला खड्डा, खाली गोट्यांचा उंचवटा, अंडी त्या उंचवट्यात असतात. एक पाऊल पडलं तरी शेकडो चिरडतात. आधीच धरणामुळे वरून नवी वाळू-खडी येत नाही, सेलर बारजवळ तर खडी ट्रकने आणून टाकावी लागली आहे. आणि घरट्यावर बसलेल्या माशावर फ्लाय टाकू नका, लागेल तरी.

गळ बिनकाट्याचा (टोकामागे उलटा काटा नसलेला), स्टीलहेडचं रिपोर्ट कार्ड (मासेमारीची नोंद करायचं सरकारी कार्ड) जवळ. पाठीवरचा, शेपटीच्या आधीचा छोटा मांसल पर शाबूत असेल तर तो जंगली मासा, पाण्यातच सोडायचा. हॅचरीवाल्यांचा तो पर कापलेला असतो. सॅमनचे नियम दर वर्षी नव्याने वाचा. २०२३ आणि २०२४ मध्ये इथे सॅमन धरायला पूर्ण बंदी होती.

धागाकर्ती

रविवारी गेले. विसर्ग तीन दिवस ३,५०० वर स्थिर होता, काटकी जागची हलली नाही. कोरड्या पायांनी सुरुवात केली. चौथ्या की पाचव्या कास्टला, फ्लाय काठालगत लोंबत असताना, दोन टिचक्या बसल्या. हात खाली ठेवला. तो पुन्हा आला नाही, पण काठापासून आठ फुटांवर होता, गुडघ्याएवढ्या पाण्यात.

ताई, तुमचं वाचून थोडं खाली चालत गेले. मी गेल्या वर्षी ज्या उतारावरून रोज पाण्यात शिरायचे तिथे तसाच फिकट पट्टा दिसला, साधारण माझ्या हाताएवढा लांब. आता वरच्या झाडाजवळून उतरते.

अजून एक सांगा. पाणी सध्या गढूळ हिरवं आहे, दोन-अडीच फुटांखालचं दिसत नाही. माझ्याकडे काळा-निळा आणि नारिंगी असे दोनच मोठे फ्लाय आहेत. आधी कोणता बांधू?