गुरूचे पट्टे पुसट का येतात?

प्रश्न: गुरूचा फोटो काढतोय: ८ इंची एफ/६ (फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या ६ पट) न्यूटोनियन म्हणजे आरशाची दुर्बीण, २एक्स बार्लो (फोकल लांबी दुप्पट करणारं भिंग), २.९ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत कॅमेरा. ५ मिनिटांच्या व्हिडिओतल्या ५०% फ्रेम स्टॅक केल्या (एकावर एक रचून एक चित्र केलं). पट्टे पुसट, एका कडेला लाल नि दुसरीकडे निळी झालर. चुकतंय कुठे?

उत्तर १: ५ मिनिटं फार झाली. गुरू १० तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, तपशील सरकतो. २-३ मिनिटांतच थांबा. एक्स्पोजर ८-१० मिलिसेकंद, फ्रेम ६४०x४८०, गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ७०% भरेल इतका. गेनच्या दाण्यांना घाबरू नका, स्टॅकिंगमध्ये ते विरतात. लांब एक्स्पोजरचा धूसरपणा मात्र कायमचा. ऑटोस्टॅकर्ट या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत स्पष्ट १५-२०% फ्रेमच ठेवा. बार्लो बदलू नका, त्याने झालेलं एफ/१२ या पिक्सेलला ठीक आहे.

उत्तर २: झालर वातावरणाची आहे. ग्रह क्षितिजाजवळ खाली असताना हवा प्रिझमसारखी वागते. गुरू ५० अंशांवर चढू द्या. तोवर थांबायचं नसेल तर एडीसी (हवेने फाकवलेले रंग परत जुळवणारं प्रिझमचं उपकरण) लावा, किंवा रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये आरजीबी अलाइन करा, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे थर एकमेकांवर जुळवा.

उत्तर ३: आणि आरसा? दुर्बीण तासभर आधी बाहेर काढा. तारा फोकसबाहेर नेऊन बघा: वलयं एककेंद्री नसतील तर कॉलिमेशन (आरशांची जुळणी) बिघडलंय, वलयांत धुरासारखी वळवळ दिसली तर आरसा अजून गरम आहे. गच्चीपेक्षा गवत बरं, स्लॅब रात्रीही उष्णता सोडत राहतो.