खिळेवाल्या टायरांनी काँक्रीट रस्त्यावर चाकोऱ्या: ग्राइंडिंग पुरेल का?

मदत हवी आहे. बर्फाळ भागातल्या काँक्रीट रस्त्यावर, जिथे गाड्या बर्फावर पकड मिळावी म्हणून धातूचे खिळे बसवलेले टायर वापरतात, चाकांच्या पट्ट्यांत 8 ते 12 मिमी खोल चाकोऱ्या पडल्यात. मूळच्या खाचा पुसल्या गेल्यात, पावसात पाणी साचतं. स्लॅबला तडे नाहीत. ही झीज खिळ्यांचीच, हे कसं ओळखायचं? आणि डायमंड ग्राइंडिंग (हिऱ्याच्या पात्यांनी वरचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) केलं तर किती टिकेल?

प्रतिसाद १
आधी दोन चाकोऱ्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. दीड मीटरच्या आसपास भरलं तर मोटारींची, म्हणजे खिळ्यांची झीज. ट्रकची चाकं याहून लांब चालतात. डांबर दबून कडेला फुगतं, काँक्रीट तसं फुगत नाही, म्हणून इथली चाकोरी दबल्याची नाही, झिजेची. मग खाली वाकून पृष्ठभाग बघा. खडीचे दाणे उघडे पडलेले आणि मधला सिमेंट-वाळूचा मसाला खोल गेलेला दिसला, की शंका उरत नाही. खिळ्याचं टंगस्टन कार्बाइड या कठीण पदार्थाचं टोक रबराबाहेर जेमतेम मिलिमीटरभर असतं, पण ते आधी आदळतं आणि मग टायर घसरताना ओरखडतं. मसाला आधी जातो, पुढचा मार खडी खाते. चुनखडीची खडी भराभर झिजते, क्वार्टझाइट हा कठीण दगड बराच तग धरतो. ओल्या रस्त्यावर आणि वेगात झीज वाढते.

प्रतिसाद २
ग्राइंडिंगआधी कोअर (स्लॅबमधून कापलेला गोल नमुना) काढून स्लॅबची जाडी तपासा, कारण 12 मिमीची चाकोरी घालवायची तर उंच भाग तेवढाच खाली आणावा लागतो. स्लॅब सांध्यापाशी हलत असेल तर तो आधी स्थिर करा. सांधे मात्र ग्राइंडिंगनंतरच भरा. फक्त पट्टे घासू नका, पूर्ण लेन घ्या, नाहीतर पाणी तिथंच अडतं. खडी कठीण असेल तर ग्राइंडिंग यंत्राची पाती जवळजवळ बसवा. दूर बसवली तर दोन पात्यांमध्ये उरलेल्या काँक्रीटच्या कडा तुटत नाहीत आणि रस्ता खडबडीत राहतो. निघणारा गाळ अल्कधर्मी असतो. तो व्हॅक्यूमनं उचला, नाल्यात सोडू नका.

किती टिकेल याचा अंदाज तुमच्याच रस्त्यावरून काढा: चाकोरीची खोली भागिले रस्त्याचं वय. 10 वर्षांत 10 मिमी गेले असतील, तर वाहतूक तेवढीच राहिल्यास पुढेही वर्षाला साधारण 1 मिमी धरा. खाली तेच काँक्रीट आहे.

प्रश्नकर्ता
मग नवा थर दिला तर मिश्रण कसं असावं?

प्रतिसाद १
खडीवर खर्च करा. कठीण खडी, तिचं प्रमाण जास्त, पाणी-सिमेंट गुणोत्तर कमी. खडी निवडताना ईएन 1097-9 या युरोपीय मानकातली नॉर्डिक चाचणी मागा, ती खिळ्यांच्या झिजेसाठीच आहे. क्युरिंगमध्ये (नवं काँक्रीट ओलं ठेवण्यात) हयगय झाली, तर वरचा मसाला पहिल्याच हिवाळ्यात सुटायला लागतो.