दाढ तुटली. कॅप करावी की काढावी? गुरुवारच्या आत सांगा

घाटवाट:
रूट कॅनल झालेली दाढ परवा तुटली. तीही पिठलं-भाकरी खाताना. एक डॉक्टर म्हणतात पोस्ट (मुळात बसवायचा खिळा) टाकू, कोअर (तुटलेल्या भागाच्या जागी भरायचा गाभा) बांधू, वर कॅप बसवू, सगळे मिळून १४,०००. दुसरे म्हणतात हिच्यात आता काही राहिलं नाही, काढा आणि इम्प्लांट करा, ३८,०००. गुरुवारी पहिल्यांची वेळ घेतली आहे, रद्द करायची तर उद्या कळवावं लागेल. काय करावं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा. 'चांगल्या डॉक्टरांना दाखवा' नको, दोन दाखवून झालेत.

कैरीपन्हे:
कोणती दाढ? वरची, खालची? आरसीटी, म्हणजे रूट कॅनल, कधी झाली होती? कॅप नव्हती का? आत्ता दुखतंय का?

ठाणेकर७२:
डोळे मिटून इम्प्लांट. माझ्या दाढेवर तीन वर्षं पैसे ओतले. आधी आरसीटी, मग तीच परत, मग कॅप निघाली, शेवटी काढलीच. २०१६ पासून इम्प्लांट आहे, विसरूनही गेलोय. मेलेला दात तो मेलेलाच.

दातपडका:
ठाणेकर, तुमची वाईट गेली म्हणून सगळ्यांची उपटायची का? माझी १९९८ ची आरसीटी. वर पूर्ण धातूची कॅप. आजही ऊस सोलतो. हसलो की चमकते, नातवाला वाटतं आजोबांकडे सोनं आहे. तेवढी ती पांढरी कॅप घेऊ नका, वरचा सिरॅमिकचा टवका उडतो.

वऱ्हाडी_पाहुणा:
काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले भाऊ. लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्यावर घ्या, रात्री दाबून ठेवा. माझ्या आजीनं नव्वदीपर्यंत डॉक्टरचं तोंड नाही पाहिलं.

घाटवाट:
अहो दुखतच नाहीये. तुटली आहे.

दाढवाली:
वऱ्हाडी, आरसीटी म्हणजे दातातली नसच काढून टाकलेली असते. लवंग गुंगी देणार कोणाला?

घाटवाट, मी दातांचीच डॉक्टर आहे, पण दाढ न पाहता 'ठेवा' किंवा 'काढा' सांगणार नाही. पाहायचं काय तेवढं सांगते. कॅप कोअरवर उभी राहत नाही, ती तुमच्या मूळच्या दाताला धरून राहते. त्यासाठी हिरडीच्या वर दाताची स्वतःची भिंत चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर लागते. आम्ही त्याला फेरूल म्हणतो. पिंपाला लोखंडी कडं असतं ना, तसं. ते असेल तर दाढ बरीच वर्षं काढते. नसेल तर पोस्ट कितीही भारी टाका, कॅप, कोअर, पोस्ट सगळं हातात येऊ शकतं. पोस्टने दात बळकट होतो हा गैरसमज आहे. पोस्ट फक्त कोअरला धरून ठेवते. दाढेला तर बऱ्याचदा तिची गरजच पडत नाही, आतल्या पोकळीतच कोअर बसतो.

आणि चीर दाढेच्या मुळापर्यंत उतरली असेल तर वाद संपला, ती काढावीच लागते. हिरडीत एकाच जागी मोजायची बारीक सळई खोल गेली तर तसा संशय घ्यायचा. भिंत किती उरली आहे आणि सळई किती जाते, हे दोघांपैकी कोणी मोजलं का?

घाटवाट:
मोजलं नाही. छोटा एक्स-रे काढला. खालची उजवी, शेवटून दुसरी. आरसीटी गणपतीत झाली. कॅप नंतर करू म्हणून राहिलं, मध्ये भाचीचं लग्न निघालं. आत्ता दुखत नाही म्हणते.

निवांतराव:
थोडं अवांतर. आरसीटीनंतर मुळांत जो नारिंगी-गुलाबी पदार्थ भरतात तो गट्टा पर्चा. मलायाकडच्या झाडाचा चीक. १८५१ मध्ये इंग्लिश खाडीखालून तारायंत्राची केबल टाकली तेव्हा तिच्यावर याचंच वेष्टण होतं. गोल्फचे चेंडूही याचेच करत. समुद्राच्या पाण्याला पुरून उरलेली वस्तू आपण दाढेत घेऊन हिंडतो.

कैरीपन्हे:
निवांतराव, छान. पण घाटवाट, 'म्हणते'? कोण म्हणते?

घाटवाट:
आई. दाढ आईची आहे. लिहिलं नव्हतं का? वय ७१. पण त्याने काय फरक पडतो, दाढ ती दाढ.

कैरीपन्हे:
धन्य!

मुंबईचा_जावई:
मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात जा. नाहीतर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय. विद्यार्थी करतात, पण मास्तर डोक्यावर उभे असतात. वेळ खूप जातो, पैसे अगदीच कमी.

घाटवाट:
आम्ही साताऱ्यात आहोत.

मुंबईचा_जावई:
मग पहाटेची एसटी.

ठाणेकर७२:
७१ असेल तर कॅपवर पैसे घालूच नका. काढून टाका, इम्प्लांटही नको. बाजूने जेवता येतं.

दातपडका:
तुमच्या घरच्यांना सांगा हे. ७१ म्हणजे काय चाललेलं माणूस आहे का?

दाढवाली:
वयावरून दाढ काढत नाहीत. घाटवाट, आईंना कोणकोणती औषधं चालू आहेत? साखर? रक्त पातळ करायची गोळी? सगळी लिहा, किरकोळ वाटली तरी.

घाटवाट:
साखर नाही. बीपीची एक. बाकी काही नाही. हाडांची एक आहे, पण ती आठवड्यातून एकदाच, रविवारी. मनगट मोडलं होतं तेव्हापासून, सहा वर्षं झाली असतील. तिचा दाताशी काय संबंध?

दाढवाली:
रविवारी उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, अशीच ना? बहुतेक अॅलेंड्रोनेट. पाकीट पाहून कळवा.

संबंध मोठा आहे. ही गोळी हाडांची झीज थांबवते, पण त्याचबरोबर हाड स्वतःला दुरुस्त करतं तो वेगही मंदावतो. अशा माणसाची दाढ काढली तर क्वचित ती जागा भरून येत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं. कॅन्सरमध्ये अशी औषधं इंजेक्शनने देतात, त्यांना हा धोका बराच जास्त. गोळीवाल्यांना कमी, पण वर्षं वाढतात तसा वाढतो. काढायची वेळ आलीच तर काढतातही, नुसतं 'तुटली आहे ना, काढून टाकू' असं करत नाहीत. इम्प्लांटलाही हाडातच भोक पाडावं लागतं.

ठाणेकर७२:
मग चार दिवस गोळी बंद करायची. एवढं काय त्यात.

दाढवाली:
ती हाडात वर्षानुवर्षं साठून राहते, ठाणेकर. चार दिवसांनी काहीही होत नाही. आणि मनाने बंद करून उद्या खुबा मोडला तर? ज्यांनी लिहून दिली त्या हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

बे_एरियाची_बाय:
इथे अमेरिकेत दाताच्या डॉक्टरच्या फॉर्ममध्येच हा प्रश्न असतो, हाडांची गोळी घेता का म्हणून. बाकी इथल्या कॅपचे दर ऐकलेत तर पिठलं-भाकरी घशात अडकेल. मी दर डिसेंबरात पुण्याला येऊन दात करून जाते, विमानाचं तिकीट धरूनही स्वस्त पडतं.

कैरीपन्हे:
दाढवाली, आणि कॅपला भिंत पुरत नसेल तर? हिरडी कापून दाढ उंच करतात म्हणे.

दाढवाली:
त्यात हिरडीबरोबर थोडं हाडही घासतात, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. अशा वेळी मधला मार्ग आहे. मुळं स्वच्छ भरलेली असतील तर ती तशीच ठेवायची, वरचा तुटका भाग हिरडीलगत सपाट करून बंद करायचा. चावायला दाढ राहत नाही, पण हाडाला धक्काही लागत नाही. आणखी एक. सहा महिने तात्पुरत्या सिमेंटवर काढलेत, लाळ आत झिरपली असेल तर कॅपच्या आधी आरसीटी परत करावी लागेल. १४,००० मध्ये ते धरलंय का, विचारून घ्या.

घाटवाट:
पाकीट पाहिलं. अॅलेंड्रोनेटच आहे, ७० मिग्रॅ. आत्ता दोघांनाही फोन केला. दोघांनीही गोळीचं विचारलं नव्हतं. आईनेही सांगितलं नव्हतं, दाताच्या डॉक्टरला मनगटाचं कशाला सांगायचं म्हणे. दुसरे म्हणाले, तसं असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. पहिले म्हणाले, गुरुवारी किडलेलं सगळं साफ करून भिंत मोजतो, मग ठरवू, आणि आरसीटी परत करावी लागली तर ३,५०० वेगळे. गुरुवारची वेळ ठेवली आहे.

दातपडका:
कॅप धातूचीच सांगा. शेवटून दुसरी दाढ आहे, कोणाला दिसतेय.

वऱ्हाडी_पाहुणा:
तोवर लवंग लावायला काय जाते?

घाटवाट:
दाढवाली ताई, आई विचारतेय, तोवर डावीकडून भाकरी चालेल का?

दाढवाली:
चालेल. कडा पिठल्यात कुस्करून घ्यायला सांगा.